ह्यांना रविवार

अल मुंतझा, दोहा
रविवार, १४ जानेवारी २०२४

गिरीशसर,

नमस्कार. मी सिसिलिया, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातली. ईसीजी मशीनच्या वायरला मी चिकटपट्टी लावली होती आणि तुम्ही सगळ्यांसमोर ओरडला होतात, "सिस्टर, ही वायर आहे, जखम नाही!" आठवलं असेल.

व्हॉट्सअॅपवर तुम्ही 'सवडीने बोलू' असं लिहिलंत. सवड आली नाही. म्हणून हा ईमेल.

नव्या वर्षापासून नर्सेसच्या ड्युट्या लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. म्हणजे एक्सेलची ती फाइल उघडायची, तुम्ही बनवलेलं निळं बटण दाबायचं आणि निघालेला कागद भिंतीवर लावायचा. बटण दाबते मी, म्हणून शिव्याही मलाच.

मला शुक्रवारची सुट्टी मिळत नाही. कधीच नाही. मिळते ती रविवारी. माझा नवरा रॉबर्ट अल रुवैसला बंदरावर क्रेन दुरुस्तीला असतो. गुरुवारी संध्याकाळी घरी येतो, शनिवारी पहाटे जातो. तिघांनी मिळून दुपारचं जेवण घेतलेलं आमच्या प्रिन्सीला आठवत नाही. ती आठ वर्षांची आहे. तिचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा विधी, तीन मेला आहे, शुक्रवारी. इथे चर्चचं सगळं शुक्रवारी असतं, कारण सुट्टी त्या दिवशी असते. मोठी प्रार्थना, मिस्सा, शुक्रवारी, मुलांचे वर्ग शुक्रवारी. माझ्या लेकीच्या कम्युनियनला मी वॉर्डात असणार.

मी मॅनेजर कुशलसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सिस्टम देता है, सिस्टर. मैं थोड़े ही देता हूँ." दुसरीबरोबर अदलाबदल करून पाहिली, तर स्क्रीनवर लाल चौकट येते.

बटणामागे काहीतरी लिहिलेलं असणार. ते तुम्ही लिहिलंत. मला ते वाचायचं आहे. वाचायचं कसं, एवढंच शिकवा. स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला हॉस्पिटलात बंदी आहे. जे दिसेल ते मी शब्दांत लिहीन.

सिसिलिया


नाशिक
१८ जानेवारी २०२४

सिस्टर सिसिलिया,

तुमचा ईमेल मिळाला. प्रकृती ठीक आहे.

तुम्ही मागताय त्याला सोर्स कोड म्हणतात. तो वाचण्यात तुमचा फायदा नाही. मोटार चालवणाऱ्याने बॉनेट उघडायची गरज नसते, आणि उघडलं तर हात काळे होतात. मी नोकरीत असताना ती मशीन दुरुस्तीची कामं सांभाळून ही फाइल बनवली. तेव्हा ड्युट्या हाताने लागत, आणि ज्याचा आवाज मोठा त्याला सुट्टी मिळे. ते मी बंद केलं. माझ्यामागे इतकी वर्षं ती चालली, याचा अर्थ तिच्यात दोष नाही.

एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला तर सगळ्या मजल्यांच्या ड्युट्या बंद पडतील आणि ठपका तुमच्यावर येईल. कुशलशी नीट बोला. तो ऐकतो.

विभावरी तुम्हाला विचारते.

गिरीश


अल मुंतझा
रविवार, २१ जानेवारी

गिरीशसर,

मी रोज इंजेक्शनं देते. औषध मी बनवलेलं नाही. पण बाटलीवरचं वाचल्याशिवाय ते कुणाच्या दंडात घालत नाही. तुमचं बटण मी दर महिन्याला तीसेक माणसांच्या दंडात घालते आणि बाटलीवर काय लिहिलंय ते मला माहीत नाही. हे मला चालत नाही.

तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी फ्लॉइडला विचारलं. तो आमच्या एक्स-रे विभागात नर्स आहे. इंग्रजीत म्हणाला, "आंटी, ऑल्ट दाबून एफ अकरा दाब. खिडकी उघडेल. मग मला विचारू नकोस, मला भीती वाटते." खिडकी उघडली. पासवर्ड नव्हता. इतकी वर्षं कुणी उघडली नाही ती कुलूप होतं म्हणून नव्हे.

फाइलची एक प्रत केली आहे. जे करेन ते प्रतीवर. तेवढी अक्कल आहे.

आत इंग्रजी आहे पण इंग्रजीसारखं नाही. काही ओळी हिरव्या. आणि सगळीकडे एक ओवी फिरते आहे. ही ओवी कोण?

सिसिलिया


नाशिक
२५ जानेवारी

सिस्टर,

उघडलंच आहे तर नीट वाचा. अर्धवट वाचणारा न वाचणाऱ्यापेक्षा जास्त नासधूस करतो.

पानाच्या वरपासून वाचू नका. बटणापासून सुरू करा. बटण एका नावाला हाक मारतं. ते नाव शोधा, तिथून खाली या. वाटेत आणखी एखाद्या नावाला हाक मारलेली असेल तर तिकडे जा, तिथलं संपवा आणि जिथून गेलात तिथे परत या. संगणक असाच जातो. त्याच्या मागोमाग चाला, पुढे पळू नका.

प्रत्येक ओळीचं एक मराठी वाक्य करा. वाक्य झालं नाही, तर ओळ कळलेली नाही. आणि बरोबरच्या चिन्हाला 'बरोबर' असं वाचू नका. त्याचा अर्थ 'ठेव'. उजवीकडचं उचलून डावीकडच्या नावात ठेव. शाळेतलं गणित इथे आडवं येतं.

ओवी ही माझी नात. हा प्रोग्राम लिहीत होतो त्या आठवड्यात जन्मली. मोजणाऱ्याला काहीतरी नाव लागतं. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत एकेक पाऊल टाकते, इतकंच.

एखादी ओळ खरंच चालते की नाही, अशी शंका आली तर तिच्या खाली एक निरोपाची ओळ घाला. संगणक तिथे पोचला तर स्क्रीनवर निरोप दिसेल.

हिरव्या ओळी सोडून द्या. त्या संगणक वाचत नाही. सुट्ट्यांचा जो शेवटचा तुकडा आहे तोही सोडा. तो जुना आहे, आता वापरात नाही.

गिरीश


अल मुंतझा
रविवार, ११ फेब्रुवारी

गिरीशसर,

तुम्ही सांगितलंत तसं वाचलं. बटणापासून. परत येताना वाट चुकले, पुन्हा गेले. 'नाही तर' कुठल्या 'जर'चं आहे, यावर एक अख्खा आठवडा गेला. प्रिन्सी शेजारी बसून म्हणाली, "ममा, यू आर रीडिंग व्हेरी स्लोली." मी म्हटलं, हो, हे हळूच वाचायचं असतं.

हिरव्या ओळी सोडायला सांगितल्यात. संगणक वाचत नाही म्हणालात. मग त्या कुणासाठी लिहिल्यात? मला वाटलं, माणसासाठी. म्हणून मी वाचल्या.

सुट्ट्यांच्या तुकड्याची माझी वाक्यं अशी:

ओवी पहिल्या नर्सपासून शेवटच्या नर्सपर्यंत जाते.
ओवी जिच्यापाशी उभी आहे तिचा गट बघ.
जर गट तीन असेल, तर तिच्या सुट्टीच्या वारात एक ठेव.
अदलाबदल करणाऱ्या दोघींचे गट वेगळे असतील, तर लाल चौकट दाखव.

हा तुकडा जुना आहे म्हणालात. मी त्यात निरोपाची ओळ घातली. मराठी अक्षरं तिथे नुसती प्रश्नचिन्हं होतात, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'इथे आले' असं लिहिलं आणि बटण दाबलं. निरोप आला. बंद केला, पुन्हा आला. गट तीनच्या प्रत्येक माणसागणिक एकदा. तुकडा जुना असेल, पण मेलेला नाही.

एक म्हणजे रविवार. खात्री करायला प्रतीत एकाच्या जागी दोन ठेवून पाहिलं. आम्ही सगळे सोमवारी सुट्टीवर गेलो.

गट तीनमध्ये कोण आहे ते बघितलं. मी आहे. फ्लॉइड आहे. केरळच्या दोघी, मनिलाच्या सगळ्या, गोव्याची एक. आम्ही एका मजल्यावर नाही, एका कामावर नाही, एका पगारावर नाही. आम्ही सगळे एका चर्चच्या आवारात जातो.

त्या ओळीच्या वर हिरवी ओळ आहे. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'ह्यांना रविवार. बदलू नये.'

कुशलसाहेबांना ती वाचता आली नसती. आयटीवाल्या मुलालाही नाही. या इमारतीत ती वाचू शकणारी मी आणि आमच्या वॉर्डातली उल्का. उल्काने कधी खिडकी उघडली नाही. तिला शुक्रवार मिळतो.

सर, आम्हाला रविवार हवा हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सिसिलिया


नाशिक
३ मार्च

सिसिलिया,

मी विभावरी लिहिते आहे. हे लिहीत नाहीत म्हणून.

तुझं पत्र आल्यापासून घरात कुलूप लागलंय तोंडाला. चहा गार होतो. ओवी आली होती, तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही रुसलात का?" तर म्हणे, "मी रुसत नसतो." रुसल्याशिवाय कोण असं म्हणतं?

मी पत्र वाचलं. ह्यांना म्हटलं, आपण दोह्यात, बिन महमूदला इतकी वर्षं काढली. नाताळला सिस्टर लोकांकडून डबाभर केक यायचा, आपण चाटूनपुसून खाल्ला. ते लोक चर्चला कधी जातात हे आपण एकदा तरी विचारलं? हे म्हणाले, "त्यात विचारायचं काय? ख्रिश्चन माणूस रविवारी चर्चला जातो. नाशिकरोडला माझ्या शाळेसमोर चर्च होतं."

बघ म्हणजे. दोह्यातल्या माणसांची सुट्टी नाशिकरोडच्या चर्चवर ठरली.

पण एक सांगते, तुलाही कळू दे. हे कुणाचं वाईट करायला बसले नव्हते. ते स्वतःच सांगतील, सांगायला हवं. मी त्यांच्या समोर कॉम्प्युटर ठेवला आहे आणि स्वयंपाकघरात चालले आहे.

प्रिन्सीला आशीर्वाद.

विभावरी


नाशिक
८ मार्च

सिस्टर,

विभावरीने काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मी माझं लिहितो.

तुम्ही येण्याआधी आपल्याकडे सिस्टर फिलोमिना होत्या. एका रविवारी त्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर रडत होत्या. मी मशीन तपासायला गेलो होतो. विचारलं. म्हणाल्या, "घरी सगळे आता मिस्साला बसले असतील. मी इथे ट्रे धुते आहे." मी तेव्हाच्या मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, अशा मागण्या ऐकायला लागलो तर हॉस्पिटल बंद करावं लागेल. मी भांडलो. मला समज देणारं पत्र मिळालं. मग मी फाइल लिहिली आणि त्यात तो नियम घातला. पुढे कुणी काढू नये म्हणून 'बदलू नये' लिहिलं आणि मराठीत लिहिलं. तुम्ही त्याला लपवणं म्हणा. मी राखणं म्हणतो. त्या दिवशी जे दिसलं त्यावर मी वागलो. पुन्हा वागेन.

तुकडा वापरात नाही असं लिहिलं, कारण तो तुम्ही काढाल अशी भीती वाटली.

आता तुमचा प्रश्न सुटतो कसा, ते ऐका. एकाच्या जागी सहा लिहा. सहा म्हणजे शुक्रवार. एक आकडा, बाकी कशाला हात लावू नका. गट तीनला कायमचा शुक्रवार. कुशल बघणार नाही, आयटीचा मुलगा बघणार नाही. हिरवी ओळ पुसा. लेकीच्या कम्युनियनला जा.

गिरीश


अल मुंतझा
रविवार, १७ मार्च

गिरीशसर,

सिस्टर फिलोमिनांचं घर वसईत होतं आणि तिथे रविवारच होता. त्या रडल्या घरासाठी. त्यांना तुम्ही रविवार दिलात हे चांगलं केलंत. पण एका बाईचं रडणं तुम्ही ऐकलंत आणि त्याचा नियम केलात सगळ्यांसाठी. जी माणसं तेव्हा जन्मली नव्हती, नर्स झाली नव्हती, विमानात बसली नव्हती, त्यांच्यासाठीही. आणि वर लिहिलंत, बदलू नये.

सहा लिहिणार नाही.

लिहून पाहिलं, प्रतीवर. बटण दाबलं. आमचा गट सगळ्या शुक्रवारी मोकळा. अरहान सगळ्या शुक्रवारी ड्युटीवर. अरहान आमच्या वॉर्डातला मेल नर्स, हैदराबादचा. त्याची जुम्म्याची नमाज शुक्रवारी. त्याला काय सांगू, सिस्टम देता है? मी कुशलसाहेब होणार नाही. आणि माफ करा, गिरीशसरही होणार नाही.

नवा नियम लिहिला आहे. गट काढून टाकले. प्रत्येक नर्सपुढे तिला मिळालेल्या शेवटच्या शुक्रवारची तारीख. जिची तारीख सर्वांत जुनी, तिला पुढचा शुक्रवार आधी. अदलाबदल कुणीही कुणाशीही करावी, दोघांची तयारी असेल तर. सात ओळी झाल्या. प्रत्येकीवर हिरवी ओळ, इंग्रजीत. खाली माझं नाव.

मग मंगळवारच्या मीटिंगमध्ये बोलले. तुमची ओळ हिंदीत वाचून दाखवली. "इनको इतवार. बदलना नहीं." गट तीनच्या माणसांना विचारलं, हे कुणी मागितलं होतं? हात वर झाला नाही. मनिलाची एक म्हणाली, तिला वाटायचं हा इथला कायदा आहे.

कुशलसाहेब लाल झाले. "सिस्टर, आपको किसने बोला खोलने को?"

मी म्हटलं, "किसने बोला था नहीं खोलने को?"

"मैं एचआर को लिखूँगा."

"लिखिए. मैं भी पढ़ूँगी. आजकल सब पढ़ लेती हूँ."

हसू नका. नोकरी गेली तर व्हिसा जातो, हे तुम्हाला सांगायला नको.

मेट्रन तेवढ्या शांत राहिल्या. म्हणाल्या, दोन महिने नव्या नियमाने चालवून बघू. कुशलसाहेबांनी एक अट घातली, अदलाबदलीला त्यांची सही लागेल.

मी त्या सात ओळींचा कागद ड्युट्यांच्या शेजारी भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी अरहानने मला तिथे बोलावलं. "सिस्टर, नई लड़की को एक भी फ्रायडे नहीं मिला अब तक. उसका डेट खाली है. खाली मतलब ज़ीरो. ज़ीरो सबसे पुराना. तो वो कल आई और सबसे आगे?" बरोबर होतं. चूक माझी होती. भिंतीपाशी उभं राहून आम्ही दुरुस्त केली. नव्या मुलीची रुजू झाल्याची तारीख तिथे ठेवायची. अरहान म्हणाला, "खलास, अब ठीक." त्याला कोड येत नाही. त्याने ते फक्त वाचलं.

सिसिलिया


अल मुंतझा
रविवार, २१ एप्रिल

गिरीशसर,

तुमचं उत्तर नाही. मी लिहिते.

परवा मला शुक्रवार मिळाला. रॉबर्टने सुरमई तळली. प्रिन्सी दोघांच्या मधे बसली आणि जेवायचं सोडून एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. शेवटी रॉबर्ट म्हणाला, "अगं, आम्ही टीव्ही नाही. जेव."

मे महिन्याच्या ड्युट्या आज काढल्या. परवाचा शुक्रवार माझ्या नावावर जमा झाला, म्हणून मी रांगेत शेवटी गेले. तीन मेला मी ड्युटीवर आहे.

नियम बरोबर चालला आहे. तीनदा तपासला.

सिसिलिया


नाशिक
२२ एप्रिल

सिस्टर,

हे काय चालवलंय?

फाइल तुमच्या हातात आहे. तुमच्या नावापुढची तारीख मागची टाका. एक चौकट. देवासमोर जायचं आहे तुमच्या लेकीला, तुम्ही नियम काय सांभाळता? मी दुसऱ्यांसाठी नियम वाकवला, तुम्ही स्वतःच्या लेकीसाठी वाकवत नाही. हा गर्व आहे. मी गर्व ओळखतो.

कागद उतरवा, तारीख बदला, नवा लावा. उशीर करू नका.

गिरीश

विभावरी म्हणते, हट्टी आहे पण बरोबर आहे. मला ते मान्य नाही.


अल मुंतझा
मंगळवार, ३० एप्रिल

गिरीशसर,

तुम्ही लिहिलंत तेच प्रिन्सीनेही म्हटलं. मी तिला सांगितलं, तीन तारखेला मम्मीची ड्युटी आहे. ती रडली नाही. म्हणाली, "देन चेंज इट, ममा. यू नो हाउ."

मला तिला समजावता आलं नाही. मला येतं, म्हणूनच करायचं नाही, हे आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मी म्हटलं, मी विचारून बघते. ती म्हणाली, "आस्क हू?" बरोबर प्रश्न होता. इतकी वर्षं विचारायला कुणी नव्हतं. एक बटण होतं.

काल सकाळी ड्युट्यांच्या कागदाखाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. तीन मे, शुक्रवार. माझ्या मुलीचा पहिला कम्युनियन. माझ्या जागी कुणी येईल का? सिसिलिया.

दुपारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. लोक थांबायचे, वाचायचे, जायचे. मान खाली घालून औषधांची ट्रॉली ढकलत होते. वाटलं, तुमचंच खरं. माणसांना विचारण्यापेक्षा आकडा बदलणं सोपं.

मग उल्का आली. पेन माझ्याच खिशातलं काढलं. म्हणाली, "तुझ्या त्या फाइलमुळे माझे दोन शुक्रवार गेले या महिन्यात. मी तुझ्यावर चिडलेय, कळलं?"

मी म्हटलं, "कळलं."

"माझ्या सासूबाई सतराला येतायत. तो शुक्रवार तू कर."

"करते."

"आणि केक आण. मागच्या नाताळला कोरडा होता."

तिने नाव लिहिलं. मीही लिहिलं. संगणकात टाकलं, लाल चौकट आली नाही.

कागद कुशलसाहेबांकडे गेला. त्यांनी बघितला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. "देखते हैं," म्हणाले. संध्याकाळी पुन्हा गेले. "सिस्टर, प्रोसीजर है. इतनी जल्दी क्या है?" मी तारखेवर बोट ठेवलं. ते फोनवर बोलायला लागले.

आज सकाळी मी त्यांना लिहून कळवलं आहे, मेट्रनना प्रत पाठवून. तीन मेला माझ्या जागी उल्का आहे, वॉर्ड एक मिनिटही रिकामा राहणार नाही. सही मागितली आहे, परवानगी मागितलेली नाही. त्यांनी एचआरला लिहायचं तर लिहावं. रॉबर्टला सगळं सांगितलं. त्याने कपाट उघडलं. मग म्हणाला, "माझा पांढरा शर्ट इस्त्रीला दे."

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं चर्चला जातो आहोत. कुशलसाहेबांनी सही शनिवारी केली तरी चालेल.

सिसिलिया